बांधकामावर दुरून नजर : कमी खर्चातील कॅमेरा कसा निवडावा?

कोल्हापूर शहराची वस्ती गेल्या दोन-तीन दशकांत कळंबा, पाचगाव, मोरेवाडी, उजळाईवाडी, फुलेवाडी अशा सर्व दिशांना पसरली. या उपनगरांत उभी राहणारी अनेक घरे अशी आहेत, की ज्यांचा मालक पुण्या-मुंबईत, बंगळुरात किंवा आखाती देशात नोकरी करतो. प्लॉट वडिलांनी घेऊन ठेवलेला, कर्ज बँकेचे आणि देखरेख एखाद्या नातेवाइकाच्या फेरफटक्यावर अवलंबून. रात्रीत सळईचे तुकडे नाहीसे झाले, सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब जुळला नाही, स्लॅबवर पाणी मारले की नाही यावरून ठेकेदाराशी वाद झाला, अशा तक्रारी अशा वेळी ठरलेल्याच. मग कोणीतरी सुचवतो, ‘एक कॅमेरा बसवून टाका.’

कॅमेरा आज काही हजार रुपयांत मिळतो आणि मोबाइलवर घरबसल्या चित्रही दिसते. तथापि, बांधकामाची जागा म्हणजे बंगला किंवा दुकान नव्हे. तेथे वीज खात्रीची नसते, इंटरनेट नसते, धूळ असते आणि जून ते सप्टेंबर असे चार महिने पावसाचे असतात. त्यामुळे घरासाठी उत्तम ठरणारा कॅमेरा साइटवर महिनाभरात निरुपयोगी ठरू शकतो. खरेदीपूर्वी ‘किती मेगापिक्सेल?’ हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. त्याआधीचे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

कॅमेरा नेमका कशासाठी?

बांधकामावर कॅमेऱ्याची कामे प्रामुख्याने तीन. पहिले, रात्रीची चोरी रोखणे. दुसरे, कामाची प्रगती तारखेनिशी नोंदवणे. तिसरे, साहित्याची आवक-जावक पाहणे. या तिन्ही कामांसाठी कॅमेऱ्याची जागा वेगवेगळी असते.

चोरी रोखायची असेल तर कॅमेरा साहित्याच्या शेडकडे आणि फाटकाकडे रोखलेला, तुलनेने खाली, म्हणजे साडेतीन-चार मीटर उंचीवर असावा लागतो. प्रगतीची नोंद हवी असेल तर तो उंच खांबावरून संपूर्ण प्लॉट टिपणारा हवा आणि काम संपेपर्यंत त्याची जागा बदलता कामा नये. वाळू-खडीचे डंपर मोजायचे असतील तर नजर फक्त रस्त्यावर हवी. एकच स्वस्त कॅमेरा ही तिन्ही कामे करील, अशी अपेक्षा ठेवल्यास बहुधा एकही धड होत नाही. खर्च मर्यादित असेल तर मालकाने एकच काम निवडावे आणि ते नीट करून घ्यावे.

विजेचा प्रश्न

महावितरणची तात्पुरती जोडणी घेतलेली असेल तर मोठा प्रश्न सुटतो. अशा ठिकाणी साधा बाहेरचा कॅमेरा, छोटा राउटर आणि या दोघांना काही तास चालवणारा बॅटरी बॅकअप एवढे पुरते. मात्र कामगार संध्याकाळी जाताना मुख्य स्विच बंद करून जातात आणि नेमक्या रात्रीच कॅमेरा आंधळा होतो, हा प्रकार साइटवर सहज घडू शकतो. कॅमेऱ्याची वायर वेगळी घ्यावी आणि तिचा स्विच कुलूपबंद पेटीत ठेवावा.

वीज नसेल तर सौर कॅमेऱ्याचा पर्याय उरतो. यात दोन प्रकार आहेत आणि दुकानात ते सहसा स्पष्ट करून सांगितले जात नाहीत. पहिला प्रकार लहान पॅनेलचा. हा कॅमेरा एरवी झोपलेला असतो. समोर हालचाल झाली की जागा होऊन काही सेकंदांचे चित्रण करतो. तो स्वस्त असतो, परंतु दिवसभराची सलग नोंद त्यात मिळत नाही आणि जागा होईपर्यंतचे पहिले क्षण निसटू शकतात. दुसरा प्रकार अखंड चित्रण करणारा. त्याला मोठे पॅनेल आणि मोठी बॅटरी लागते.

हिशेब सोपा आहे. कॅमेरा आणि त्यातील मोबाइल यंत्रणा मिळून ६ वॅट वीज घेत असेल, तर चोवीस तासांत १४४ वॅट-तास लागतात. सूर्यदर्शन न होता तीन दिवस काढायचे म्हटले तर ४३२ वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीत ३६ अँपियर-तास हवेत. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करणे तिच्या आयुष्याला घातक असल्याने ती ७५ अँपियर-तासांच्या आसपासची घ्यावी लागते. उन्हाळ्यात लहान पॅनेलवर सुरळीत चालणारी यंत्रणा आषाढ-श्रावणातल्या झडीत बंद पडते, ती याच कारणाने. आठवडाभर सूर्य न दिसणे कोल्हापूरकरांना नवे नाही. म्हणून सौर कॅमेरा निवडताना त्याची परीक्षा मे महिन्याच्या उन्हावर नव्हे, तर जुलैच्या ढगांवर करावी.

सिमकार्ड आणि डेटाचे गणित

नव्या वसाहतीत तारेचे इंटरनेट पोचलेले नसल्यास सिमकार्डवर चालणारा फोर-जी कॅमेरा घ्यावा लागतो. खरेदीपूर्वी प्लॉटवर प्रत्यक्ष उभे राहून दोन-तीन कंपन्यांच्या मोबाइलवर वेग तपासावा. शक्यतो संध्याकाळी, कारण तेव्हा नेटवर्कवर भार अधिक असतो. काही आयात कॅमेरे अन्य देशांतील लहरींसाठी बनवलेले असतात. भारतात वापरात असलेले ३, ५ आणि ४० क्रमांकांचे बँड कॅमेऱ्यात आहेत का, हे माहितीपत्रकात पाहून घ्यावे.

खरी फसगत होते ती डेटामध्ये. सेकंदाला एक मेगाबिट वेगाने सलग चित्र पाठवायचे झाल्यास दिवसाला सुमारे १०.८ जीबी डेटा खर्च होतो. रोज २ जीबी देणाऱ्या योजनेत असे चित्र साडेचार तासांच्या आसपासच पाहता येईल. दिवसभर ‘लाइव्ह’ पाहण्याची हौस म्हणूनच परवडत नाही. योग्य पद्धत अशी, की चित्रण कॅमेऱ्यातील मेमरी कार्डवर होत राहावे आणि मालकाने गरजेपुरतेच उघडून पाहावे. त्याच वेगाने १२८ जीबीच्या कार्डात सुमारे अकरा दिवसांचे चित्रण मावते. त्यानंतर जुने पुसून नवे लिहिले जाते. महिन्यातून एकदाच हिशेब पाहणाऱ्याला पहिल्या आठवड्याचे काहीच हाती लागत नाही, हे ध्यानात असावे. कार्ड अखंड चित्रणासाठी बनवलेले, ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचे घ्यावे.

कॅमेराच चोरीस गेला तर कार्डही जाते. यावर उपाय म्हणजे हालचाल होताच त्या क्षणाचे छायाचित्र किंवा छोटी चित्रफीत मोबाइलवर अथवा क्लाउडवर लगेच पाठवणारा कॅमेरा. मात्र ताडपत्री फडफडली, कुत्रे आले, दिव्याभोवती किडे जमले तरी संदेश येऊ लागला, तर चौथ्या दिवशी मालक संदेश बंद करून टाकतो. त्यामुळे केवळ हालचाल नव्हे, तर माणूस आणि वाहन वेगळे ओळखणारी सोय असलेला कॅमेरा घेणे हिताचे. थोडे अधिक पैसे मोजावेत असे हे एक वैशिष्ट्य आहे.

प्रगतीची नोंद एवढाच हेतू असेल तर काम याहून स्वस्तात होते. दर दहा मिनिटांनी एक, याप्रमाणे बारा तासांत ७२ छायाचित्रे होतात. एक छायाचित्र एक एमबीचे धरले तरी दिवसाचा खर्च ७२ एमबी! अगदी साध्या योजनेत ते बसते.

मेगापिक्सेलचे सत्य

दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र आडवे १९२० बिंदूंचे असते. चित्रणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार अनोळखी व्यक्तीची ओळख पटण्यासाठी दर मीटर रुंदीमागे २५० बिंदू, माहितीतला माणूस ओळखण्यासाठी १२५, तर कोणीतरी आहे एवढेच कळण्यासाठी २५ बिंदू लागतात. या हिशेबाने दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा जेमतेम साडेसात मीटर रुंदीच्या पट्ट्यातील अनोळखी चेहरा ओळखण्याजोगा टिपतो.

दोन गुंठ्यांचा, १० बाय २० मीटरचा प्लॉट उदाहरणादाखल घेऊ. त्याची लांब बाजू एका चौकटीत बसवली तर मीटरमागे ९६ बिंदू मिळतात. कोणीतरी सळई उचलत आहे हे दिसेल; कोण उचलत आहे हे कदाचित दिसणार नाही. म्हणून संपूर्ण प्लॉट दाखवणाऱ्या रुंद लेन्सपेक्षा फाटकावर रोखलेली ४ किंवा ६ मिलिमीटरची लेन्स चोराच्या बाबतीत अधिक उपयोगी ठरते. मेगापिक्सेल वाढवल्यास फरक पडतो, पण डेटाही वाढतो आणि रात्रीच्या अंधारात स्वस्त सेन्सर त्या जादा बिंदूंचा लाभ देत नाही. फाटकाजवळ एक साधा दिवा लावल्याने चित्रात जी सुधारणा होते, ती अनेकदा महागड्या कॅमेऱ्यानेही होत नाही.

धूळ, वळीव आणि महापूर

कॅमेऱ्याच्या खोक्यावर ‘आयपी ६६’ लिहिलेले असावे. यातील पहिला ६ धुळीपासून पूर्ण संरक्षण, तर दुसरा ६ पाण्याच्या जोरदार फवाऱ्यापासून संरक्षण दर्शवतो. कॅमेरा टिकला तरी त्याच्या वायरचे जोड भिजतात, हे पावसाळ्यातील बिघाडाचे नेहमीचे कारण. जोड उघड्यावर न ठेवता जलरोधक पेटीत घ्यावेत आणि वायर पेटीत खालून वर न्यावी, म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळून आत शिरत नाही. सिमेंटची धूळ ओलाव्याने काचेवर घट्ट बसते. पंधरवड्याला ओल्या मऊ फडक्याने काच पुसण्याचे काम कोणाकडे तरी सोपवावे. कोळ्याचे जाळे रात्रीच्या अवरक्त प्रकाशात पांढऱ्या पडद्यासारखे दिसते.

एप्रिल-मेमधील वळवाच्या पावसात विजांचा कडकडाट असतो. उंच लोखंडी खांबावर बसवलेल्या कॅमेऱ्याला अर्थिंग आणि विद्युतदाब रोधक हवाच. महावितरणच्या खांबावर कॅमेरा लटकवणे मात्र बेकायदा आणि जीवावर बेतणारे आहे.

पंचगंगेच्या काठच्या भागात आणखी एक दक्षता आवश्यक. राजाराम बंधाऱ्यावर नदीची इशारा पातळी ३९ फूट, तर धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी धोका पातळीच्या कितीतरी वर गेले आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गही बंद पडला. सुतारवाडा, दुधाळी, शुक्रवार पेठ, नागाळा पार्क, कसबा बावडा या बाजूंना बांधकाम असेल तर रेकॉर्डर, राउटर आणि बॅटरी तळमजल्यावर ठेवू नये. पुराच्या दिवसांत वीज आणि मोबाइल सेवा दोन्ही खंडित होऊ शकतात. तेव्हा कॅमेऱ्यावर विसंबण्याऐवजी साहित्य आधीच उंचावर हलवलेले बरे.

स्वस्त म्हणजे असुरक्षित नव्हे

२०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड मालकांनी बदललेलाच नव्हता, एवढेच त्यामागचे कारण. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला याच उपकरणांच्या साह्याने ‘डिन’ या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास विस्कळीत झाली.

भारतात केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाविषयक चाचण्या अनिवार्य करणारी अधिसूचना काढली. ती ९ एप्रिल २०२५ पासून अमलात आली. कॅमेऱ्यावर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असावा लागतो. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर पडताळता येतो. जुना साठा अथवा नाव नसलेला कॅमेरा निम्म्या किमतीत मिळत असला तरी हा क्रमांक नसेल तर तो टाळावा. बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा आणि अॅपचे खाते बसवणाऱ्याच्या नव्हे, तर मालकाच्या मोबाइल क्रमांकावर उघडावे. पुढे कॅमेरा कोणाच्या ताब्यात राहणार, हे यावरच ठरते.

चित्रण आणि न्यायालय

चित्रण मिळाले म्हणजे पुरावा मिळाला, असा समज सर्वत्र आहे. तो अपुरा आहे, हे महाराष्ट्रातीलच एका गाजलेल्या खटल्याने दाखवून दिले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातील उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला की नाही, हा वाद निवडणूक कार्यालयातील चित्रणावर येऊन ठेपला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल देताना स्पष्ट केले, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर कायद्यातील प्रमाणपत्र बंधनकारक आहे. मूळ उपकरणच हजर केल्यास त्याची गरज नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट कायम असून, त्यात उपकरणाची जबाबदारी असणारी व्यक्ती आणि तज्ज्ञ अशा दोघांचे भाग आहेत. सामान्य घरमालकाने यातून तीन गोष्टी घ्याव्यात. कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर आहे याची वेळोवेळी खात्री करावी. चोरी झाल्यास मूळ कार्ड काढून सुरक्षित ठेवावे, त्यावर पुन्हा चित्रण होऊ देऊ नये. आणि मोबाइलवर पुढे पाठवलेली चित्रफीत म्हणजे मूळ नोंद नव्हे, हे विसरू नये.

मजुरांचे घरही तेथेच

अनेक साइटवर मजुरांची कुटुंबे पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. मालकासाठी जी साइट, ती त्यांच्यासाठी काही महिन्यांचे घर असते. उघड्यावर आंघोळ करणाऱ्या स्त्रिया, झोपलेली मुले कॅमेऱ्याच्या टप्प्यात येणार नाहीत, याची काळजी घेणे ही कॅमेरा बसवणाऱ्याची जबाबदारी आहे. स्त्रीचे खासगी क्षण टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे, तर कोणाच्याही खासगी अवयवांचे संमतीविना चित्रण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली येते. बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राचा ठरावीक भाग काळा करून झाकण्याची सोय असते. तिचा वापर करावा. ‘येथे कॅमेरा आहे’ असा मराठी आणि हिंदी फलक लावावा. अशा फलकाने चोरही बिचकतो आणि मजुरांनाही आपल्याला लपून पाहिले जात नाही, याची खात्री पटते.

कॅमेरा काय सांगतो, काय नाही

दुरून पाहणाऱ्या मालकासाठी कॅमेऱ्याचे सर्वांत मोठे मोल चोर पकडण्यात नसून तारखांच्या नोंदीत आहे. काँक्रीटविषयीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ४५६:२००० मध्ये, साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटवर किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंट वापरल्यास किमान दहा दिवस पाणी मारून ओलावा टिकवण्याची अपेक्षा आहे. साध्या सिमेंटसाठी साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याखालील टेकू चौदा दिवस काढू नयेत, असेही त्यात सांगितले आहे. स्लॅब कोणत्या तारखेला ओतला, पाणी किती दिवस मारले, सेंट्रिंग कधी उतरवले, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे दर दहा मिनिटांनी निघणारे साधे छायाचित्र देऊ शकते. ठेकेदाराशी वाद झालाच तर आवाज चढवण्याची गरज उरत नाही. प्रामाणिक ठेकेदारालाही याच नोंदींचा आधार मिळतो.

मात्र सळयांमधील अंतर, त्यांवरील काँक्रीटचे आच्छादन, मालातील पाण्याचे प्रमाण या गोष्टी खांबावरचा कॅमेरा दाखवत नाही. स्लॅब ओतण्यापूर्वी अभियंत्याने प्रत्यक्ष येऊन सळया तपासणे आणि जवळून छायाचित्रे काढून ठेवणे, याला पर्याय नाही. तसेच रात्री दोन वाजता संदेश आला तरी बंगळुरात बसलेला मालक काय करणार? शेजारची एखादी व्यक्ती, वॉचमन आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक, हे तिन्ही आधी ठरवून ठेवले तरच त्या संदेशाला अर्थ आहे.

खरेदीपूर्वी हे तपासा

– कॅमेऱ्याचे मुख्य काम कोणते : चोरी, प्रगतीची नोंद की आवक-जावक?
– रात्रभर वीज मिळेल का? नसल्यास बॅटरी तीन ढगाळ दिवस पुरेल का?
– प्लॉटवर कोणत्या कंपनीचे नेटवर्क संध्याकाळीही चालते?
– सलग चित्रण कार्डवर आणि महत्त्वाचे क्षण मोबाइलवर, अशी सोय आहे का?
– ‘आयपी ६६’ आणि मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक आहे का?
– हमी किती वर्षांची? दुरुस्ती कोल्हापुरात होते की कॅमेरा बाहेरगावी पाठवावा लागतो?
– क्लाउडचे शुल्क पहिल्या महिन्यानंतर किती?
– घर पूर्ण झाल्यावर हाच कॅमेरा फाटकावर वापरता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल तर केलेला खर्च वाया जात नाही. आयुष्याची पुंजी घालून बांधल्या जाणाऱ्या घरासाठी काही हजारांचा कॅमेरा ही मोठी रक्कम नव्हे. परंतु त्याच्या भरवशावर साइटवरची महिन्यातील फेरी आणि अभियंत्याची तपासणी रद्द केली, तर तोच कॅमेरा सर्वांत महाग पडतो.